मनातल्या बैलाकडं बघायचं नाही

"मोकळा मोड काढून टाकूया," असं अनीश करमरकर ज्या सुरात म्हणाला, त्या सुरात माणसं पोह्यातलं कढीपत्त्याचं पान बाजूला सारतात.

बाणेरच्या त्या काचेच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. स्वप्नाली मेटकरीनं हलवली नाही. खरं तर तिनंच हलवायला हवी होती. 'बोलका चष्मा' बनवणाऱ्या या कंपनीत, माणसानं एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर कसं जायचं, हे ठरवणाऱ्या टीमची ती प्रमुख. गाइडेड मोड तिच्याच हातचा.

चष्मा कुणासाठी? ज्यांची वाचा गेलीय पण समज शाबूत आहे, त्यांच्यासाठी. मेंदूत रक्ताची गाठ अडकते, बोलण्याचा भाग मरतो. माणूस सगळं ऐकतो, सगळं कळतं, तोंडातून मात्र फक्त 'अं' निघतो. अशा माणसाला बोलतं करायच्या दोन वाटा कंपनीनं तयार केल्या होत्या.

मोकळ्या मोडमध्ये समोरच्या पडद्यावर शब्दांची दालनं असत. खाणं, माणसं, अंग, राग, जनावरं, गावं. हाताखाली एक छोटी खुंटी. ती अंगठ्यानं ढकलायची, हव्या त्या दालनात शिरायचं, शब्द आवडला की दाबायचं, नाही आवडला की मागं फिरायचं. कुठंही जा, कितीही भटका. एक वाक्य व्हायला चहा गार होऊन वर साय यायची.

गाइडेडमध्ये खुंटीच नाही. डोळ्यांसमोर फक्त तीन शब्द. ज्याच्याकडं बघाल तो उचलला जाणार आणि त्याच्यापुढचे तीन येणार. वाक्य चुटकीसरशी.

"पण अनीश, दोन्ही ठेवले तर बिघडतं काय?" स्वप्नालीनं विचारलं.

"बिघडतं. मोकळ्या मोडमध्ये लोक हरवतात, चिडतात, चष्मा काढून ठेवतात. लोकांना स्वातंत्र्य नको असतं गं, त्यांना उरकायचं असतं. तू हॉटेलात गेलीस की आत जाऊन भाजी निवडतेस का?"

"मेनूकार्ड तरी मागते."

दोघंतिघं हसले. अनीशही हसला. तो चिडत नसे, हीच त्याची ताकद होती.

"आणि सगळ्यात मोठा पुरावा तुझ्या घरी बसलाय," तो म्हणाला. "मेटकरीकाका. परवा संमती दिली त्यांनी. स्वतःच्या तोंडानं."

स्वतःच्या तोंडानं! स्वप्नालीच्या जिभेवर शब्द आले आणि तिनं ते गिळले. कारण संमती तिच्या वडिलांनी, आबांनी, दिली होती, हे खरं होतं. निदान तोवर तरी खरं होतं.

*

भानुदास मेटकरी, म्हणजे आबा, आटपाडीकडचे. आयुष्यभर बैलांचे सौदे केले. खिलार जोडी या बाजारातून उचलायची आणि त्या बाजारात द्यायची. हेडी म्हणतात या धंद्यातल्या माणसाला. पाच तालुक्यांत भानू हेडी म्हटलं की लोक दात बघायच्या आधी स्वतःचे खिसे चाचपायचे. तोंड असं, की समोरचा शिव्या खाऊनही हसत जाई. ते तोंडच गेलं. उजवं अंग गेलं, डावा हात अर्धा मेला. उरले डोळे आणि डावा अंगठा.

स्वप्नालीनं त्यांना पुण्याला आणलं आणि ट्रायलमधला पहिला चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. दुसऱ्याच दिवशी चष्म्याच्या दांडीतून आवाज आला. आबांच्या जुन्या व्हिडिओंवरून बनवलेला, हुबेहूब त्यांचा. "तुझ्यामुळं जगलो, बाय."

ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. आबांनी उभ्या आयुष्यात तिला असलं काही म्हटलं नव्हतं.

मग रोजच सुरू झालं. "दमलीस का?" "रणजितला माझा आशीर्वाद सांग." "मला काही कमी नाही." धाकटा भाऊ रणजित सांगलीहून फोन करायचा आणि आबांशी अर्धा अर्धा तास बोलायचा. पूर्वी बापलेक एका ताटाला बसले तरी भांडण व्हायचं.

"ताई, आबा लई निवळलं गं," रणजित म्हणायचा. "आजारानं माणूस शहाणा होतो बघ."

आता पुढची पायरी. कवटी उघडून मेंदूवर इलेक्ट्रोडची जाळी बसवायची. मग चष्म्याचीही गरज नाही, गाइडेडचं इंजिन थेट आतून चालेल. पहिला पेशंट आबा. धोका होता, आणि ते ऑपरेशन करणाऱ्या डॉ. देशमाने यांनी तो लपवला नव्हता. गुरुवारी ऑपरेशन. संमतीच्या व्हिडिओत तीन पर्याय आले होते. 'हो, करूया', 'डॉक्टर सांगतील तसं' आणि खाली कोपऱ्यात 'नाही'. आबांनी 'हो'कडं टक लावून बघितलं. आवाज आला, "हो, करूया." आबांनी डोळे मिटले. डोळे मिटणं म्हणजे 'थकलो, पुरे', असं इंजिनला शिकवलेलं. रेकॉर्डिंग बंद झालं.

*

मंगळवारी सकाळी हुसेन मुलाणी आले. आबांचे बाजारातले भागीदार. येताना पिशवीतून डाळिंबं आणि तोंडातून धूर घेऊनच आले.

"काय भान्या, पुण्याला येऊन साहेब झालास व्हय?"

चष्मा बोलला, "या, बसा. तुम्हाला भेटून बरं वाटलं."

हुसेनचाचांचा हात डाळिंबावरच थांबला. त्यांनी स्वप्नालीकडं बघितलं, मग चष्म्याकडं.

"ह्यो कोन बोलला?"

"आबाच की, चाचा."

"भान्यानं मला उभ्या जन्मात 'या बसा' म्हनलेलं न्हाय. 'आला का परत मरायला' म्हनतो त्यो." ते आबांच्या तोंडाजवळ वाकले. "आरं, हायस का आत?"

"मी बरा आहे," चष्मा म्हणाला. आबांचे डोळे मात्र खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडावर होते.

चाचा थोडे खट्टू झाले. मग विषय बदलावा म्हणून त्यांनी फोन काढला. नातवानं गेल्या आठवड्यातल्या बाजाराचे फोटो पाठवले होते. तीन खोंडं ओळीनं बांधलेली. एक पांढरंशुभ्र, शिंगं कशी तलवारीसारखी. एक कोसं, करड्या झाकेचं. आणि कडेचं एक तांबडं, बरगड्या मोजून घ्याव्यात असं.

"सांग भान्या, कुठलं घ्यावं?"

स्वप्नालीच्या लॅपटॉपवर चष्म्याच्या नोंदी समोरच चालू होत्या, ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी. आबांची नजर तांबड्यावर गेली आणि तिथंच राहिली. बाहुली मोठी झाली. इंजिननं लगेच निकाल दिला. पसंती: तांबडं, खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. चष्मा म्हणाला, "मला तांबडं आवडलं."

चाचा पोट धरून हसले. "बघ, बघ! मेला तरी सवय जायाची न्हाय. तांबड्याला डोळं लावून बसलाय, म्हंजे मन पांढऱ्यात हाय त्याचं!"

स्वप्नाली हसायला गेली आणि तिचं हसू अर्ध्यात थिजलं.

खरसुंडीच्या बाजारात ती सात-आठ वर्षांची असताना एका पाडसाकडं बघत उभी राहिली होती. आबांनी दंडाला असा चिमटा काढला, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. 'मनातल्या जनावराकडं बघायचं न्हाय. बघितलंस की मालक भाव चढवितो.' बाजारातला हा पहिला धडा. हवा तो बैल डोळ्याच्या कडेनं टिपायचा आणि नको त्याच्याभोवती घिरट्या घालायच्या. त्याची शेपटी उचल, दात बघ, नाक मुरड. भावाचं खरं बोलणं रुमालाखाली, एकमेकांची बोटं दाबून. तिथं खोटं चालत नाही, कारण दिलेलं बोट मागं घेता येत नाही.

चष्म्याचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं होतं. माणसाचं मन एखाद्या गोष्टीत अडकलं की डोळ्याची बाहुली आपोआप मोठी होते. ते कुणाच्या हातात नसतं, लाच देऊनही थांबवता येत नाही. म्हणून इंजिन बाहुली मोजायचं आणि त्या क्षणी नजर जिथं असेल, तिथं तो आनंद जमा करायचं. नजर 'हो'वर आणि बाहुली मोठी, म्हणजे माणसाला 'हो' पाहिजे. साधा हिशेब. सगळ्या जगातल्या कॉलेजकुमारांवर तपासलेला.

पण आबांची बाहुली कडेनं दिसलेल्या पांढऱ्या खोंडासाठी मोठी झाली होती, आणि जमा झाली तांबड्याच्या खात्यावर. इंजिनला हे कळणं शक्यच नव्हतं. पाणी, लघवी, पंखा मागताना आबा सरळ बघायचे, म्हणून कुणाला संशय आला नाही. जिथं जिवाचं काही अडलेलं असे, तिथं मात्र साठ वर्षांची सवय डोळे खेचून भलतीकडं नेत होती.

'हो' हे तांबडं खोंड होतं. 'नाही' कोपऱ्यात होतं.

आणि 'तुझ्यामुळं जगलो, बाय'? त्यावेळी कोपऱ्यात काय होतं? तिनं ती नोंद शोधायला घेतली आणि अर्ध्यात लॅपटॉप मिटला. तिला ते बघायचं नव्हतं.

*

"ताई, तुझं डोकं फिरलंय," रणजित फोनवर ओरडला. "एका खोंडाच्या फोटूवरनं ऑपरेशन रद्द?"

"रद्द नाही. परत विचारायचं, खुंटीनं. अंगठा अजून चालतो त्यांचा."

"आणि त्यो म्हातारा परत शिव्या द्यायला लागला म्हंजे? सात म्हैन्यात त्यांनी मला एकदा तरी नालायक म्हनलंय का? मला माझा बाप घावलाय, ताई. तू त्यो काढून घेतीयास."

तिच्या मनातलंच तो बोलत होता. तिलाही तो गोड बाप हवा होता. ज्या बापानं तिला इंजिनिअरिंगला घालताना 'शिक, न्हायतर बैल राखशील' एवढंच म्हटलं, तो आता रोज 'दमलीस का' विचारत होता. असला बाप कोण परत करतं?

पण मग ट्रायलमधली घरं तिच्या डोळ्यांसमोर आली. चारशे घरं. त्यांतला प्रत्येक माणूस काही हेडी नव्हता. पण बघायचं नाही असं शिकवलेली माणसं या मुलखात काय फक्त बाजारात असतात? सासू पुढ्यात बसली की सून सासूला हवं तिकडं बघते. पोरगी बाप बोट दाखवेल त्या स्थळाकडं बघते. गडी मालकाच्या आवडीच्या उत्तराकडं बघतो. आपल्या मनातल्या गोष्टीकडं उघड बघायची चैन किती जणांना जमलीय इथं? या सगळ्यांच्या नाकावर आपण चष्मा ठेवला आणि म्हटलं, बघा तिकडं, आम्ही समजून घेतो. त्यांनी आयुष्यभर जी मान खाली घातली, तिलाच आपण 'पसंती' नाव दिलं. आणि त्या चारशेही घरांतले लोक खूश! खूश असणारच. मुका माणूस पहिल्यांदा त्यांच्या मनासारखं बोलत होता.

ती अनीशच्या केबिनमध्ये गेली. सगळं मांडलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, अगदी मधे न बोलता.

"इंटरेस्टिंग आहे," तो म्हणाला. "पुढच्या व्हर्जनमध्ये घेऊ. कडेच्या नजरेचं वेगळं मॉडेल लावू."

"म्हणजे परत आपणच ठरवायचं, त्याला काय हवंय ते."

"कुणीतरी ठरवायलाच लागतं, स्वप्नाली. तुझे वडील एका वाक्याला अर्धा तास लावतील. घरात कुणाला अर्धा तास आहे?"

"मला आहे."

"तुला नाहीये. मी तुझं कॅलेंडर बघतो."

हे मात्र त्यानं खरं सांगितलं, आणि म्हणूनच तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती आपल्या जागेवर आली. पुढच्या आठवड्याच्या अपडेटची चावी तिच्याकडंच होती. मोकळा मोड काढायचा, एवढंच त्यात होतं. तिनं उलटं केलं. गाइडेड बंद, मोकळा चालू. खुंट्या चष्म्याच्या डब्यातच होत्या, एकदोनदा वापरून सगळ्यांनी परत आत टाकलेल्या. त्या कशा लावायच्या, त्याच्या दोन ओळी लिहिल्या आणि त्याच रात्री चारशे घरांना पाठवून दिलं. कुणाची परवानगी घेतली नाही. विचारलं असतं तर तीन पर्याय आले असते.

*

बुधवारी हॉस्पिटलात आबांच्या पलंगाभोवती गर्दी झाली. डॉ. देशमाने, सांगलीहून रात्रभर गाडी चालवत आलेला रणजित, आणि अनीश. अनीशच्या हातातला फोन थरथरायचा थांबत नव्हता.

"काय केलंयस तू, कळतंय का तुला?" आज त्याचा आवाज चढला होता. "साताऱ्यातली एक बाई सकाळपासून सासऱ्याला शिव्या घालतेय. बार्शीचा एक म्हातारा नुसता एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरतोय, एक शब्द बोलत नाहीये. मुलगा रडतोय फोनवर. लोकांना आपला जुना माणूस परत हवाय!"

"जुनाच मिळालाय," स्वप्नाली म्हणाली.

"डॉक्टर," अनीश तिकडं वळला, "संमतीचा व्हिडिओ आहे आपल्याकडं. कायदेशीर आहे."

"कवटी मला उघडायचीय, करमरकर, व्हिडिओला नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "मला अकरापर्यंत वेळ आहे. विचारा त्यांना."

स्वप्नालीनं आबांच्या नाकावरून चष्मा काढला. डाव्या अंगठ्याखाली खुंटी बांधली, पडदा समोर टेकवून ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसली. "आबा, उद्याचं ऑपरेशन. तुम्हाला करायचंय का? सवडीनं सांगा."

अंगठा हलला. पडद्यावर दालन उघडलं. खाणं. आबा आत गेले, भाकरी, ठेचा, कालवण असं बघत बघत बाहेर आले. मग जनावरं. मग गावं. मग परत खाणं. 'हो' आणि 'नाही' पहिल्याच पानावर होते, तिकडं ते फिरकलेच नाहीत.

"हरवले," अनीश पुटपुटला. "हेच सांगत होतो मी."

स्वप्नालीला बोट पुढं करून 'इकडं, आबा, इकडं' म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसली. आबांचा चेहरा तिनं बघितला. सात महिन्यांत तो असा तिला दिसला नव्हता. हरवलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. घ्यायचं असो नसो, बाजारातली सगळी दावण एकदा फिरून येणाऱ्या माणसाचा होता.

अंग या दालनात अंगठा थांबला. दाबला. "डोकं," पडदा बोलला. यंत्राच्या कोरड्या आवाजात, आबांच्या नाही.

नर्स येऊन सलाईन बघून गेली.

"माझं."

"हो आबा, तुमचंच डोकं," रणजित पुढं झाला. "पन ऑपरेशन करायचं का न्हाय, तेवढं सांगा की!"

अंगठा आता झपझप चालला, जितका झपझप अर्धा मेलेला अंगठा चालतो तितका. "मला." थांबला. "कोण." थांबला. "विचारलं."

मला कोण विचारलं.

आणि मग आबा पहिल्या पानावर आले. 'हो'वर खुंटी नेली, जरा वेळ तिथंच ठेवली. अनीश पुढं वाकला. खुंटी सरकली.

"नाही."

परत दाबलं. "नाही." परत. "नाही."

डॉ. देशमाने उठल्या. "मी थिएटर रिकामं करायला सांगते," म्हणाल्या आणि जाता जाता आबांच्या खांद्याला हात लावून गेल्या.

रणजित पलंगाच्या कठड्याला धरून उभा होता. "आबा, मग रोज फोनवर म्हनत हुता त्ये? आशीर्वाद बिशीर्वाद?"

अंगठ्याला आता घाम आला होता. "चष्मा," पडदा म्हणाला. "बोलला."

रणजितच्या तोंडातून आधी हुंदका आला की हसू, ते त्यालाही कळलं नसावं. आबा थांबले नव्हते. ते माणसं या दालनात गेले, तिथून राग या दालनात गेले आणि रणजितच्या जिव्हारी लागेल असा शब्द शोधून दाबला. तो इथं लिहिण्यासारखा नाही. सात महिने साठवलेला होता. मग त्याच दालनात आणखी एक. मग खाणं या दालनात परत जाऊन 'जेवला' आणि त्यापुढं प्रश्नचिन्ह.

"न्हाय आबा," रणजित नाक पुसत म्हणाला. "गाडीत बसलो त्ये हितंच उतरलो."

अनीश दारात उभा होता. फोन अजून थरथरत होता. "सोमवारपासून येऊ नकोस," तो स्वप्नालीला म्हणाला. "आणि एक लक्षात ठेव. बाजारात गाइडेडच येणार. आम्ही नाही आणला तर दुसरा कुणी आणेल."

"आणा. त्या चारशे घरांतनं आता मोकळा काढून दाखवा मात्र," ती म्हणाली. तो गेला.

ती उठली. दुपारची औषधं आणायची होती, नोकरी गेल्याचं कुणाला तरी सांगायचं होतं, डोकं नुसतं भणभणत होतं. तिनं पडदा बाजूला ठेवायला घेतला, तेवढ्यात तो बोलला.

"बस."

तिनं वळून बघितलं. आबांनी डोळे मिटलेले होते. अंगठा चालू होता. डोळे मिटूनच दालनं ओलांडत होता, चाचपडत, चुकत, मागं फिरत. रणजितनं बाहेरून एक खुर्ची ओढून आणली. भिंतीवरचं घड्याळ अकराच्या पुढं सरकलं, साडेअकराच्याही पुढं गेलं.

"अजून," पडदा म्हणाला.

ती बसली.

"आहे."